नकाशातले फोटो कोठे ठेवावेत?

भूगोल, इतिहास आणि परिसर अभ्यास शिकवणाऱ्यांच्या हाती गेल्या दहा-बारा वर्षांत एक चांगले साधन आले आहे. संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर नकाशा उघडतो. त्यावर क्रमांक टाकलेल्या खुणा असतात. एका खुणेवर बोट ठेवले की त्या जागेचा फोटो आणि चार ओळींची माहिती समोर येते. पुढच्या खुणेकडे गेले की नकाशाही तिकडे सरकतो. याला स्टोरीमॅप म्हणतात; आम्ही येथे नकाशाकथा हा शब्द वापरणार आहोत. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबने तयार केलेले स्टोरीमॅप-जेएस आणि एस्री या कंपनीचे आर्कजीआयएस स्टोरीमॅप्स ही यांतली दोन परिचित साधने. दोन्ही वापरण्यासाठी संगणकाची भाषा यावी लागत नाही.

या साधनांविषयी जे मार्गदर्शन मिळते त्यात नकाशाची पार्श्वभूमी कोणती घ्यावी, खुणांचा रंग कोणता असावा, मजकूर किती असावा यांची सविस्तर चर्चा असते. फोटोची बाब मात्र बहुधा एका वाक्यात उरकली जाते: फोटो अपलोड करा किंवा त्याचा दुवा द्या. आमच्या मते सगळी अडचण या एका वाक्यात लपलेली आहे. नकाशाकथा दोन-तीन वर्षांत निकामी होते ती बहुतेक वेळा नकाशामुळे नव्हे, तर फोटोमुळे. म्हणून येथे फोटो ठेवण्याच्या निरनिराळ्या जागांचे परीक्षण करावयाचे आहे.

परीक्षणासाठी एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील डोणगाव हे गाव घ्या. समजा, तेथील नववीच्या वर्गाने आपल्या परिसराची नकाशाकथा करावयाचे ठरवले. पहिली खूण गावातली. दुसरी रस्त्याकडेच्या एखाद्या खोदकामात उघड्या पडलेल्या काळ्या कातळाची, म्हणजे बेसाल्टची. तिसरी मेहकरजवळून वाहणाऱ्या पैनगंगेची. चौथी मेहकरच्या शारंगधर बालाजीच्या मंदिराची. पाचवी लोणारच्या विवराच्या काठाची, आणि सहावी लोणार गावातील दैत्यसूदन मंदिराची. प्रत्येक खुणेला चार फोटो धरले तर चोवीस होतात, मुखपृष्ठाचा एक धरून पंचवीस. हे पंचवीस फोटो कोठे ठेवावेत, एवढाच आपला प्रश्न आहे.

फोटो नकाशात नसतो

पडद्यावर नकाशा, मजकूर आणि फोटो एकत्र दिसतात, त्यामुळे ते एकाच ठिकाणी असावेत असे वाटते. तसे ते नसतात. नकाशाची पार्श्वभूमी एका संगणकावरून येते, कथेची मांडणी दुसऱ्यावरून आणि फोटो तिसऱ्याच ठिकाणाहून. दुवा देऊन लावलेल्या फोटोच्या बाबतीत नकाशाकथेत फक्त त्याचा पत्ता नोंदलेला असतो. वाचकाने खूण उघडली की त्याचा मोबाईल त्या पत्त्यावर जाऊन फोटो मागून आणतो.

ग्रंथालयातील तालिकापत्राचे उदाहरण येथे तंतोतंत लागू पडते. पत्रावर पुस्तकाचा क्रमांक व कपाट लिहिलेले असते. पुस्तक दुसऱ्या कपाटात हलवले, किंवा कोणी काढून टाकले, तर पत्र जागच्या जागी राहते आणि वाचक रिकाम्या कपाटापुढे उभा राहतो. नकाशाकथेत त्या रिकाम्या कपाटाच्या जागी एक करडा चौकोन दिसतो. नकाशाला त्याची कल्पना नसते आणि शिक्षकालाही कोणी कळवत नाही.

हे किती वेळा घडते? अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की २०१३ साली इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर, म्हणजे २०२३ मध्ये, उघडत नव्हती. हा आकडा पानांचा आहे, फोटोंचा नव्हे; पण शाळेने केलेले काम दहा वर्षे टिकावे अशी अपेक्षा असेल तर तो लक्षात ठेवण्यासारखा आहे.

बंद पडलेली घरे

कोणत्या जागा चांगल्या हे पाहण्यापूर्वी बंद पडलेल्या जागांचा इतिहास पाहणे बोधप्रद ठरेल.

नकाशावरील फोटोंसाठीच निर्माण झालेले एक संकेतस्थळ होते पॅनोरामिओ. ते २००५ मध्ये स्पेनमध्ये सुरू झाले आणि २००७ मध्ये गुगलने विकत घेतले. जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या गावांचे, डोंगरांचे, मंदिरांचे फोटो अक्षांश-रेखांशांसह तेथे ठेवले आणि ते गुगल अर्थच्या नकाशावर दिसू लागले. नोव्हेंबर २०१६ मध्ये ते बंद झाले. गुगलचीच पिकासा वेब अल्बम ही सोयही २०१६ मध्ये थांबली. गुगलचे टूर बिल्डर हे तर नकाशाकथेचेच साधन होते. २०१३ मध्ये आलेले ते साधन जुलै २०२१ मध्ये बंद करण्यात आले.

फोटोबकेटची गोष्ट वेगळी आहे. हे संकेतस्थळ बंद पडले नाही. २००३ पासून लोक तेथे फोटो ठेवत आणि त्यांचे दुवे इतरत्र देत. २०१७ च्या मध्यावर कंपनीने नियम बदलले. आपले फोटो दुसऱ्या संकेतस्थळांवर दाखवायचे असतील तर वर्षाला सुमारे ४०० डॉलर भरा, असे सांगितले गेले. न भरणाऱ्यांच्या फोटोंच्या जागी जगभर कंपनीची सूचना दिसू लागली. पुढे दर खाली आले, पण तोवर असंख्य पानांची दुर्दशा झाली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये ड्रॉपबॉक्सने मोफत खात्यांचे सार्वजनिक फोल्डर बंद केले आणि त्यांतले दुवे तुटले. इमगरने २०२३ मध्ये, खाते न उघडता ठेवलेले जुने आणि न वापरलेले फोटो काढून टाकण्याचे धोरण जाहीर केले. २०२४ च्या सुरुवातीला गुगल ड्राइव्हमधील फोटो दुसऱ्या पानावर दाखवण्याची एक प्रचलित युक्ती चालेनाशी झाली.

यात कोणा एका कंपनीला दोष देण्याचा हेतू नाही. फोटो साठवायला यंत्रे लागतात, वीज लागते आणि फोटो दर वेळी पाठवण्याचा खर्च येतो. फोटो पाहणारा कंपनीच्या पानावर येत असेल तर जाहिरातीतून तो खर्च निघतो. परंतु फोटो आपल्या नकाशात दिसत असेल तर वाचक कंपनीच्या पानावर फिरकतच नाही. म्हणजे नकाशाकथा करणारा शिक्षक हा अशा कंपनीच्या दृष्टीने निव्वळ खर्चाचे गिऱ्हाईक असतो. असे गिऱ्हाईक आज ना उद्या नकोसे होणार, हे समजण्यासारखे आहे.

या इतिहासात एक गोष्ट मात्र वेगळी उठून दिसते. पॅनोरामिओ बंद झाले तेव्हा तेथील सगळेच फोटो नाहीसे झाले नाहीत. ज्यांनी आपले फोटो मुक्त परवान्याखाली, म्हणजे इतरांना नक्कल करून वापरण्याची परवानगी देऊन ठेवले होते, त्यांचे फोटो मोठ्या संख्येने विकिमीडिया कॉमन्सवर हलवण्यात आले. फ्लिकरने २०१८ मध्ये मोफत खात्यांना एक हजार फोटोंची मर्यादा घातली आणि जादा फोटो काढून टाकण्याचे ठरवले, तेव्हा मुक्त परवान्याचे फोटो त्यातून वगळले. दोन्ही ठिकाणी फोटो वाचला तो छायाचित्रकाराने आधीच देऊन ठेवलेल्या परवानगीमुळे.

चार कसोट्या

आता डोणगावच्या पंचवीस फोटोंसाठी जागा निवडताना काय पाहावे? आम्ही चार कसोट्या सुचवतो.

पहिली कसोटी पत्त्याची. फोटोचा थेट आणि न बदलणारा पत्ता मिळतो का? दुसरी कसोटी सुटकेची. ती जागा सोडायची झाली तर सर्व फोटो तारीख, स्थळ आणि मजकुरासह परत घेता येतात का? तिसरी हक्काची. फोटो कोणाचा, तो कोणी आणि कशासाठी वापरावा, हे तेथे स्पष्ट लिहिता येते का? चौथी कसोटी वजनाची. साध्या मोबाईलवर, मंद जोडणीवरही फोटो उघडतो का?

या कसोट्यांवर गुगल फोटोज पहिल्याच पायरीला अडखळते. ते बहुतेक मोबाईलमध्ये असते, म्हणून शिक्षकाचा हात आपोआप तिकडे जातो. परंतु तेथून मिळणारा दुवा फोटोचा नसतो, फोटो दाखवणाऱ्या पानाचा असतो; नकाशाकथेला तो चालत नाही. आटापिटा करून चित्राचा आतला पत्ता मिळवला तरी तो टिकाऊ असल्याची हमी नाही. गुगलने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी दिलेल्या सोयीत तर असा पत्ता केवळ साठ मिनिटे चालतो, असे स्पष्टच म्हटले आहे. शिवाय जून २०२१ पासून तेथे नव्याने ठेवलेले फोटो खात्याच्या १५ गिगाबाइटच्या मोफत मर्यादेत धरले जातात. घरच्या फोटोंची पेटी म्हणून ही सोय उत्तम आहे. नकाशाकथेसाठी ती बनवलेलीच नाही.

फ्लिकर या कामासाठी पुष्कळ बरे. २००४ पासून ते चालू आहे. मालकी याहूकडून २०१८ मध्ये स्मगमग या कंपनीकडे गेली तरी संकेतस्थळ टिकले. फोटोचा थेट पत्ता मिळतो, लहान-मोठे आकार तयार मिळतात, स्थळ नोंदवता येते आणि मुक्त परवाना निवडण्याची सोय आहे. फोटो दुसरीकडे दाखवला तर फ्लिकरवरील मूळ पानाचा दुवा द्यावा, ही त्यांची अट रास्त आहे. उणीव ही की मोफत खात्याचे नियम गेल्या काही वर्षांत उत्तरोत्तर कडक होत गेले आहेत. २०१३ मध्ये मोफत एक टेराबाइट जागा देणारी हीच सेवा २०१८ मध्ये एक हजार फोटोंवर आली, हे विसरता येत नाही. शाळेचे पंचवीस फोटो त्यात सहज बसतील. पण दर वर्षी एक वर्ग पंचवीस फोटो जमवू लागला आणि चार वर्ग हे काम करू लागले, तर दहा वर्षांत मर्यादा गाठली जाईल.

तिसरा मार्ग म्हणजे नकाशाकथेच्या साधनातच फोटो अपलोड करणे. याचा फायदा मोठा आहे: कथा आणि फोटो एकत्र राहतात, तुटण्याजोगा एक सांधा कमी होतो. आर्कजीआयएस स्टोरीमॅप्समध्ये हेच स्वाभाविक आहे. पण दुसऱ्या कसोटीवर हा मार्ग कच्चा ठरतो. साधन बंद पडले तर कथा आणि फोटो एकदमच जातात. टूर बिल्डरचे उदाहरण वर आलेच आहे. शिवाय तो फोटो दुसऱ्या कोणाला सापडत नाही. डोणगावच्या मुलीने काढलेला पैनगंगेचा उत्तम फोटो वाशीमच्या किंवा हिंगोलीच्या शिक्षकाला धड्यासाठी हवा असेल, तर तो तिथे आहे हे त्याला कळणार कसे?

विकिमीडिया कॉमन्स: गुण आणि दोष

चौथी जागा विकिमीडिया कॉमन्स. विकिपीडियातील चित्रे जेथे ठेवलेली असतात तो हा सामायिक साठा. तो सप्टेंबर २००४ मध्ये सुरू झाला आणि आज त्यात दहा कोटींहून अधिक फाइली आहेत. तो चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था देणग्यांवर चालते, जाहिरातींवर नव्हे. त्यामुळे नकाशातून येणारा वाचक तिला ओझे वाटण्याचे कारण नाही. दुसऱ्या पानावर फोटो थेट दाखवण्यास तेथे परवानगी आहे. फाइलीचे नाव बदलले तरी जुने नाव साधारणपणे नव्याकडे वळवले जाते. फोटोची तारीख, स्थळ, वर्णन, छायाचित्रकार आणि परवाना यांची नोंद प्रत्येक फाइलीच्या पानावर असते. वर्णन मराठीतही लिहिता येते. लहान आकाराचा फोटो मागता येतो. चारही कसोट्यांवर ही जागा उतरते.

तरीही तिचे दोष सांगितले पाहिजेत. पहिला दोष भाषेचा. बटणांची मराठी भाषांतरे असली तरी नियमांची पाने आणि चर्चा बहुतांशी इंग्रजीत आहेत. फोटोवर आक्षेप आला तर उत्तर इंग्रजीत देण्याची वेळ येते, आणि वेळेत उत्तर न गेल्यास फोटो काढला जाऊ शकतो. दुसरा दोष असा की हा शैक्षणिक उपयोगाचा साठा आहे, खासगी अल्बम नव्हे. विवराच्या काठावर ओळीने उभ्या राहिलेल्या वर्गाचा फोटो तेथे टिकेलच असे नाही. तिसरी गोष्ट दोष म्हणावी की तत्त्व, हे ज्याने त्याने ठरवावे: मुक्त परवाना म्हणजे व्यापारी उपयोगालाही परवानगी. आपल्या विद्यार्थ्याचा फोटो एखाद्या हॉटेलाच्या जाहिरातपत्रकावर छायाचित्रकाराच्या नावासह छापला गेला तर तक्रार करता येणार नाही. हे मुलांना आणि पालकांना आधी समजावून सांगायला हवे. चौथे, कॉमन्स थेट दुव्यांना परवानगी देत असले तरी त्यांची शिफारस करत नाही, कारण तेथील फाइल कोणीही बदलू शकतो.

हक्काच्या बाबतीत आणखी दोन खुलासे आवश्यक आहेत. भारतीय कायद्याप्रमाणे फोटोचा हक्क सामान्यतः तो काढणाऱ्याचा असतो. म्हणून विद्यार्थ्याने काढलेला फोटो शिक्षकाने स्वतःच्या नावाने कॉमन्सवर ठेवणे योग्य नव्हे. दुसरे, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने इमारतींचे आणि सार्वजनिक जागी कायम ठेवलेल्या शिल्पांचे फोटो काढून प्रसिद्ध करण्यास मोकळीक दिली आहे. भिंतीवर रंगवलेली चित्रे किंवा माहितीफलकावरचे नकाशे यांना मात्र ती मोकळीक लागू होत नाही. तेव्हा दैत्यसूदन मंदिराच्या कोरीव भिंतीचा फोटो चालेल. बाहेरच्या फलकाचा जवळून घेतलेला फोटो चालणार नाही. फलकावरची माहिती वाचून मुलांनी आपल्या शब्दांत लिहावी, हे शिक्षणाच्या दृष्टीनेही बरे.

लोणारचे उदाहरण

कोणी विचारील की शाळेच्या पंचवीस फोटोंसाठी एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर आपल्या पाचव्या खुणेतच आहे.

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे आणि ते बेसाल्टमध्ये उल्कापाताने तयार झाले. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. विवराचे वय आधी एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे काढले गेले. पुढे आर्गॉनच्या समस्थानिकांवर आधारित मोजणीतून सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. असा फरक तपासायचा तर नमुना कोठला आणि केव्हा घेतला याची नोंद असावी लागते. नोंद नसलेला दगड प्रयोगशाळेच्या दृष्टीने निरुपयोगी.

फोटोचेही तसेच आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी दिसू लागले. उपग्रहांनी तो बदल टिपला आणि पाण्याचे नमुने तपासणीसाठी गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हा रंग हॅलोआर्किया या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे सांगितले. पाऊस कमी आणि बाष्पीभवन जास्त झाले की पाण्याची पातळी उतरते, खारटपणा वाढतो आणि हे जीव फोफावतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. आता कल्पना करा की परिसरातील एखाद्या शाळेने काठावरच्या एकाच जागेवरून, एकाच दिशेने, दर वर्षी जून आणि डिसेंबरमध्ये एकेक फोटो काढून ठेवला आहे. दहा वर्षांच्या अशा वीस फोटोंतून पाण्याची कड कोठवर होती, रंग कसा होता, काठावरची झाडी वाढली की घटली, हे कोणालाही मोजता येईल. उपग्रह वरून पाहतो. काठावरून दिसणारे हे दृश्य त्याच्या नोंदीत नसते. पण ते वीस फोटो तारीख व स्थळासह सापडले तरच. त्यांतले बारा करडे चौकोन झाले असतील, तर मालिका संपली. नकाशा पुन्हा करता येतो. जून २०२० चा फोटो पुन्हा काढता येत नाही.

स्थळाच्या नोंदीबद्दल एक साधे गणित वर्गात करून घेता येईल. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून दशांश चिन्हापुढे दोनच अंक लिहिले तर खूण साधारण अर्ध्या किलोमीटरपर्यंत चुकू शकते, आणि विवराच्या काठाची खूण नकाशावर थेट पाण्यात पडू शकते. चार अंक लिहिले तर चूक पाच-सहा मीटरच्या आत येते. मोबाईलमधील स्थळनोंद चालू असेल तर हे आकडे फोटोच्या फाइलीत आपोआप लिहिले जातात. मात्र व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोच्या रूपात पाठवला तर आकारही लहान होतो आणि ही नोंदही गळून पडते. म्हणून मुलांकडून फोटो घेताना ते केबलने, किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून घ्यावेत.

हीच स्थळनोंद काही वेळा काढून टाकावी लागते. मुलाच्या घराचा, शेतातल्या एकट्या वस्तीचा किंवा पक्ष्याच्या घरट्याचा फोटो चार दशांशांसह जगापुढे ठेवू नये. ज्यात मुलांचे चेहरे ओळखू येतात असे फोटो कोणत्याही सार्वजनिक साठ्यात न ठेवणे हेच इष्ट. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यानेही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक मानली आहे. पाठमोरी मुले, मोजपट्टी धरलेला हात, दगडाशेजारी ठेवलेली पट्टी यांनी कथेचे काम भागते.

वजनाचा हिशेब

चौथी कसोटी राहिली. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० बिंदूंचा असतो आणि साधारण ४ मेगाबाइट भरतो. पंचवीस फोटोंचे १०० मेगाबाइट झाले. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि ८ बिटांचा एक बाइट होतो. ४ मेगाबिट वेगाच्या जोडणीवर १०० मेगाबाइट यायला १०० गुणिले ८ भागिले ४, म्हणजे २०० सेकंद लागतात. तेच फोटो १२०० बाय ९०० बिंदूंचे केले तर प्रत्येक साधारण पाव मेगाबाइटचा होतो. एकूण सव्वासहा मेगाबाइट, वेळ साडेबारा सेकंद. मोबाईलच्या पडद्यावर दोन्हींत फरक जवळपास दिसत नाही. चाळीस मुलांनी आपापल्या घरी कथा उघडली तर पहिल्या प्रकारात मिळून ४ गिगाबाइट खर्च होतात, दुसऱ्यात पाव गिगाबाइट. हा खर्च पालकांच्या खिशातून जातो. म्हणून साठ्यात मूळ मोठा फोटो ठेवावा आणि नकाशात त्याची लहान आवृत्ती दाखवावी. फ्लिकर आणि कॉमन्स दोन्ही ठिकाणी ही सोय तयार मिळते.

आमचे मत

सर्व बाजू पाहता आमचे मत असे आहे. नद्या, खडक, झाडे, जुन्या इमारती, सरोवर अशा सार्वजनिक विषयांचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याखाली ठेवावेत. इंग्रजीची अडचण असली तरी कॉमन्सच निवडावे. तालुक्यातील एखाद्या शिक्षकाने ती बाजू सांभाळली तर अनेक शाळांचे काम होईल. हे जमणे शक्य नसेल तर फ्लिकर घ्यावे, पण तेथेही मुक्त परवाना निवडावा. शाळेच्या कार्यक्रमांचे आणि मुलांचे फोटो घ्यायचेच असतील तर पालकांच्या संमतीने साधनातच अपलोड करावेत आणि काम झाल्यावर काढून टाकावेत. गुगल फोटोज, ड्राइव्ह आणि मोफत दुवे देणारी इतर संकेतस्थळे या कामासाठी वापरू नयेत.

मात्र यांतली कोणतीही जागा मूळ प्रतीची जागा घेऊ शकत नाही. सर्व मूळ फोटो शाळेच्या संगणकावर आणि एका वेगळ्या डिस्कवर असे दोन ठिकाणी असावेत. फाइलीचे नाव आयएमजी आणि पुढे चार आकडे असे न ठेवता स्थळ, तारीख आणि क्रमांक असे ठेवावे: लोणार-काठ-२०२६-०६-१५-०१. त्याबरोबर एक साधी वही ठेवावी. तिच्यात फाइलीचे नाव, फोटो काढणाऱ्याचे नाव, दिनांक, अक्षांश-रेखांश, कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते ते, परवाना आणि इंटरनेटवरील पत्ता असे सात रकाने पुरतात. शिक्षकांची बदली झाली तरी वही शाळेत राहते. खात्याचा पासवर्ड मात्र पुष्कळदा शिक्षकाबरोबर जातो. म्हणून खाते शाळेच्या ई-मेलवर उघडावे आणि ते कोणाकडे आहे याची नोंदही वहीच्या पहिल्या पानावर करावी.

शेवटी एक छोटे काम नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यासाठी. शाळा उघडली की नवीन नववीच्या मुलांना जुनी नकाशाकथा उघडायला सांगावी. त्यांनी एकेक खूण उघडून फोटो दिसतो का ते पाहावे आणि वहीत बरोबर किंवा फुलीची खूण करावी. पंचवीस फोटोंना अर्धा तास लागेल. फुली पडलेल्या फोटोची मूळ प्रत डिस्कवर असेल, तर त्याच तासात तो पुन्हा जागेवर बसवता येईल. त्यानंतर त्याच मुलांनी पैनगंगेच्या आणि लोणारच्या काठावर ठरलेल्या जागी उभे राहून या वर्षीचा फोटो काढावा आणि वहीत पुढची ओळ भरावी.